जुनी छऱ्याची बंदूक घ्यायचीय, दोनांतली कुठली? (नाशिक)

सातपूरचा_फिटर

नमस्कार मंडळी. प्रश्न खाली आहे, आधी थोडं पुराण.

मूळ खूळ वेगळंच होतं. लहानपणी चुलतभावाच्या व्हीसीआरवर काउबॉयचे पिक्चर बघायचो. गोष्ट काही कळायची नाही, पण दस्त्याखालची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर केली की नवीन आत, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. ती विंचेस्टर १८९४ होती हे पुढे कळलं. वीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढल्यावर आता वाटतं, आपल्याला शिकारीचं वेड कधी नव्हतंच, त्या कडीचं होतं. तसली एखादी जुनी मिळाली तर खोलून बघावी म्हणून चौकशी केली. परवाना हवा, आणि परवाना कशासाठी हवा ते सांगायला हवं. शिकार म्हणायची सोय नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही संपली. विषय तिथेच मिटला.

मग नवरात्रात कालिकेच्या जत्रेत पोराला घेऊन फुगे फोडायला गेलो. दहा छऱ्यांत चार फुगे. नळी डावीकडे ओढत होती, हे मी तिसऱ्या छऱ्याला ओळखलं आणि उजवीकडे धरून मारायला लागलो. पोरगं खूश, मी त्याहून खूश. घरी येईपर्यंत ठरलं होतं, छऱ्याचीच घ्यायची. कागदावर नेम धरायचा आणि रविवारी खोलून बसायचं. नवी नको. नव्यात खोलण्यासारखं काय असणार?

दोन बघून आलोय.

पहिली डायना ३५, जर्मन. कॉलेज रोडला एका काकांकडे, त्यांच्या वडिलांची. चौदा हजार म्हणतात. दस्त्याला हाताची पकड येते तिथे केसाएवढी चीर. कुणीतरी कधीतरी पॉलिश मारून नळीवरची अक्षरं घासून टाकलीत. एक बार मारून दाखवला तर धूर आला आणि जळक्या तेलाचा वास. काका म्हणाले, "बघ, अजून किती ताकद आहे!" मी गप्प बसलो.

दुसरी भारतीय बनावटीची, नळी मोडून (म्हणजे सांध्यावर वाकवून) भरायची, तीन वर्षं जुनी, ४.५ मिमी छऱ्याची, सहा हजार. अंबडला एका मुलाकडे आहे. त्याने आत "जास्त पॉवरची" स्प्रिंग टाकलीय असं अभिमानाने सांगितलं. चाप ओढला की अख्खी बंदूक झिणझिणते.

मन डायनावर, खिसा दुसरीवर. मामाची दिंडोरीला द्राक्षाची बाग आहे, मारायची तिथे शेडच्या मागे. काय बघून घ्यावी?

गोदाकाठ

धूर म्हणजे ताकद नाही भाऊ. कुणीतरी नळीतून तेल ओतलंय. पिस्टनपुढची हवा दाबली की तापते आणि ते तेल पेटतं. दोन-चार बारांनी थांबलं तर ठीक, नाही थांबलं तर वायसरची (पिस्टनच्या तोंडावरच्या, हवा अडवणाऱ्या चकतीची) वाट लागलेली असते. चामड्याचा वायसर असेल तर तुझ्यासारख्याला तो घरी बनवता येईल, त्याची काळजी नको.

खोलायला मजा डायनातच आहे, हे खरं. चापाच्या यंत्रणेत तीन बारीक बॉल असतात. खोलताना एक तरी कपाटाखाली जातो. ग्रीसमध्ये चिकटवून बसवावे लागतात. आणि स्प्रिंग दाबून धरायला शिकंजा बनवल्याशिवाय मागचा भाग सोडू नकोस. स्प्रिंग ताणात बसलेली असते, सुटली तर थेट तोंडावर येईल.

नेमबाज_जुना

सगळे स्प्रिंगवर बोलताय, नळीवर कुणीच नाही. अक्षरं घासलीत म्हणताय, मग ती ४.५ आहे हे कुणी सांगितलं? या जुन्या डायना ५.५ मध्येही यायच्या. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यातून सूट आहे ती ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला. ५.५ निघाली तर काकांच्या वडिलांची आठवण राहील बाजूला, तुम्ही परवान्याच्या भानगडीत पडाल.

जाताना खिशात ४.५ चे चार छरे न्या. नळी मोडा, एका हाताने घट्ट धरून ठेवा (ही सवय कायमची लावून घ्या, चाप निसटला तर नळी वर येते आणि बोटं जातात), छरा मागून ठेवा. अडकला तर ४.५. घरंगळत पुढून बाहेर पडला तर हात जोडून परत या.

दुसरीसाठी एक स्वस्तातली परीक्षा. नळी बंद केल्यावर सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि छरा भरून बार मारा. कागद उडाला तर सील गळतंय. रिकामा बार मात्र मारू नका, पुढे छरा नसला की पिस्टन जाऊन आपटतो.

द्राक्षवाला

बाग दिंडोरीला म्हणालात म्हणून सांगतो. मामा पोपटांचं नाव काढतील, काढतीलच. नाही म्हणा. पोपट मारणं गुन्हा आहे आणि एक मारून दुसरे थांबतही नाहीत. आम्ही जाळी टाकली. आणि छरा पत्र्यावर मारू नका, उलटा येतो. खोक्यात जुने कपडे ठासून भरा आणि मागे मातीचा बांध ठेवा. शिशाचे छरे हाताळून तसाच हात भाकरीला लावू नका.

सातपूरचा_फिटर

सगळ्यांचे आभार, नेमबाज काकांचे जास्त.

काल कॉलेज रोडला गेलो. छरा ठेवला, टिचकीसुद्धा मारावी लागली नाही. नळीतून सरळ खाली, टाइल्सवर टिंग. काकांनी विचारलं, "काय पडलं?" सांगितलं. त्यांनाही माहीत नव्हतं. बंदूक त्यांच्या वडिलांच्या काळापासून कपाटावरच होती. माझ्यासमोरच त्यांनी वकील मेहुण्याला फोन लावला. चहा पाजला.

अंबडची घेतली, साडेपाच हजारांत, मूळ स्प्रिंग मागून घेतली. टिश्यू पेपर उडाला. सील लेथवर नायलॉनचं करून बसवलं, आता कागद हलत नाही. जुनी स्प्रिंग परत टाकली तर झिणझिण गेली आणि दहा मीटरवर पाच छरे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आले. पॉवरवाल्या स्प्रिंगवर तळहाताएवढे पसरत होते.

मामाने पहिल्याच दिवशी पोपटांचा विषय काढला.

एकच राहिलं. चाप फार जड आहे, ओढताना नेम हलतो. तो खोलून घासावा का, की आहे तसा ठेवावा?

गोदाकाठ

घासू नकोस. चाप ज्या खाचेवर पिस्टन अडवून धरतो ती कमी झाली की बंदूक नुसत्या धक्क्यानेही सुटते. आधी स्वच्छ कर, मोलीचं (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस लाव आणि दोन डबे छरे मार. निम्मा जडपणा कोरडेपणाचाच असतो.