गावात पथनाट्य चालत नाही, मग खडी गंमत करावी का?

ब्रम्हपुरीकर
नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी पुण्यात, गाव चंद्रपूर जिल्ह्यात. मागच्या वर्षी आम्ही मित्रांनी गावात करणी-भानामतीवर पथनाट्य केलं, घोषणा दिल्या, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती दिली, पण लोक थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. आणि तेच लोक कडाक्याच्या थंडीत वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) व्यावसायिक नाटक कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत बघतात! यंदा पोरं म्हणतायत आपल्या म्हाताऱ्या शाहिरांना धरून खडी गंमत, म्हणजे डफ-ढोलकीवरचं आपल्याकडचं तमाशासारखं लोकनाट्य, बसवू. पण लोककलेत असा विषय घातला की त्याचा प्रचार होतो का? आणि लोक खरंच काही घेतात का त्यातून?

धानाचा_बांध
बाप्पा, घेतात ना! आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटक म्हणजे नुसती करमणूक नाही. दिवाळीनंतर धान निघाला की गावोगावी नाटकं लागतात, लेकी माहेरी येतात, पावणे येतात, सोयरिकीसुद्धा त्याच रात्री जुळतात. दारूनं घर मोडलेली बाई स्टेजवर रडते तेव्हा खाली बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावतात आणि सकाळी विहिरीवर त्याचीच चर्चा होऊन राह्यते. आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीवर आयुष्य घालवलं म्हणून, आणि व्यसन, अंधश्रद्धा हे विषय ते कायम मांडत आले.

तुमच्या पथनाट्यात काय चुकलं असंल सांगतो. तुम्ही बोलत होता आणि गाव ऐकत होतं, तिथंच तुटलं. खडी गंमतीत शाहीर बोलता बोलता समोरच्या माणसाला मधे ओढतो, साडी नेसलेला नाच्या सरळ पुढं बसलेल्या आजीकडं जाऊन विचारतो का वो माय, तुमच्या सुनेनं कोणावर करणी केली? सगळे हसतात, आजी उलट उत्तर देते, मग शाहीर त्याच उत्तराला धरून पुढं नेतो. फक्त एक लक्षात ठेवा, जिच्यावर आळ आला तिला हसण्यावारी नेऊ नका, हसायचं तर देवऋषीला.

जुनी_पुस्तकं
"प्रचार होतो का" ह्यावर बोलते. प्रचार वाईट असतो हे आपण शहरात शिकलो, महाराष्ट्रातली लोककला त्याला कधीच घाबरली नाही. जोतिबा फुल्यांनी 1855 मध्येच 'तृतीय रत्न' लिहिलं, त्यात जोशीबुवांनी फसवलेलं कुणबी जोडपं शेवटी शिकायला निघतं, आणि मधेमधे विदूषक बोलून जोशाचं ढोंग उघडं पाडतो. नंतर फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे, म्हणजे गाणी-संवादांचे खेळ, आले, मग आंबेडकरी. त्यांनी तमाशाचा साचा घेतला पण आतला माल बदलला, गणपतीचा गण आणि गोपींची छेडछाड काढून टाकून तिथं शिक्षण, पाणी, मंदिरप्रवेश आणला. नाशकात 1930 मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच काळात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ ढोलकीवरून गेली हो! मला तर वाटतं ह्या शाहिरांचं ऋण आपण अजून नीट मांडलेलंच नाही.

तंबूतला
मी कंजारभाट समाजातला आहे म्हणून एक वेगळं उदाहरण देतो. अहमदाबादच्या छारानगरमधले छारा म्हणजे आमचेच भाऊबंद, इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यातले. 1952 ला तो शिक्का कागदावरून गेला पण पोलिसांच्या डोक्यातून नाही. 1998 मध्ये बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर नावाच्या, असाच शिक्का बसलेल्या जमातीतल्या आदिवासी तरुणाचा कोठडीत मारहाणीनं जीव गेला, बंगाली लेखिका महाश्वेता देवी कोर्टात लढल्या, आणि इकडे छारानगरच्या पोरापोरींनी त्याच्यावर नाटक उभं केलं, त्यातून बुधन थिएटर झालं. ती मुलं शिकलेले नट नव्हते, त्यातल्या कित्येकांच्या घरात पोलिसांची धाड रोजची. म्हणून स्टेजवरची लाठी बघताना अंगावर काटा येतो. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, गावात ज्या घरावर आळ आलाय त्या घरातलं कोणी बसवताना सोबत असेल का ते बघा. त्यांना स्टेजवर आणू नका, पण गोष्ट त्यांना विचारून करा.

ब्रम्हपुरीकर
तंबूतला दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. एक प्रश्न राहिला, कंपनीच्या नाटकाच्या मध्यंतरात वेळ मिळेल असं मंडळ म्हणतंय. तिथं करू का?

धानाचा_बांध
अजिबात नको. मध्यंतरात आता रेकॉर्डिंग डान्स, म्हणजे सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच, लागतो, पोरं शिट्ट्या मारत असतात, तुमचा शाहीर वाहून जाईल. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी दुपारी करा. दंडार (आपलं नाच-गाण्याचं लोकनाट्य), खडी गंमत हे मंडईचंच, उजेड असतो, आज्या, बाया, लहान पोरं सगळी मोकळी असतात, आणि बाजूच्या गावचेही येतात. माईक लावू नका, डफ आणि ढोलकी पुरे. तारीख ठरली की इथं टाका, मी येतो.