तणनाशकाची घाई नको
घरामागच्या पडीक तुकड्यात हरळी न लव्हाळा माजलाय, तणनाशक मारू का असं विचारलंय तुम्ही, तर थांबा जरा. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्याचाच उपयोग करा, आधी खणून काशा, म्हणजे हरळीच्या जमिनीतल्या गाठाळ मुळ्या, वेचा मग जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने गच्च दाबून ४ ते ६ आठवडे तसंच राहू द्या, खालच्या उष्णतेने तण मरतं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या परत फुटतातच, हाताने काढत राहायचं. पावसाला हिरवळीचं खत म्हणून ताग पेरा, दीडेक महिन्यात फुलावर येताना गाडून टाका. आणि काळी माती ओली असताना तुडवू नका हं, ढेकळं अक्षरशः दगड होतात. आम्ही पहिल्यांदा भरताची हिरवी वांगी लावली, केळीच्या खांबांचे तुकडे बुडाशी अंथरले, ओल मस्त टिकली. तुमच्याकडे पाणी बोरचं की नळाचं?