‘कॅसल’, ‘पॅलेस’, ‘हाउस’ : प्रत्येकाला ‘राजवाडा’ म्हणावे का?

दक्षिणकसबा

नमस्कार. सोलापुरातील आमच्या वाचनालयात ब्रिटनमधील राजघराण्याच्या आणि सरदारांच्या निवासस्थानांवर छायाचित्रांचे एक छोटे प्रदर्शन भरणार असून चित्रांखालचा मराठी मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या मसुद्यात मी विंडसर कॅसल, बकिंगहॅम पॅलेस, चॅट्सवर्थ हाउस आणि वोबर्न ॲबी या सर्वांना सरसकट ‘राजवाडा’ असे लिहिले. तो वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की सिद्धेश्वर तलावाकाठच्या भुईकोटाला आपण राजवाडा म्हणत नाही आणि अक्कलकोटच्या राजवाड्याला किल्ला म्हणत नाही, मग तिकडच्या वास्तूंना एकच शब्द कसा चालेल? त्यांचे म्हणणे मला पटले आहे. या नावांमागे काही इतिहास आहे का, आणि या वास्तू आज कोणाच्या मालकीच्या आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भुईकोट

नावांमागे इतिहास निश्चित आहे. विंडसरला ‘किल्ला’च म्हणावे, कारण 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर नॉर्मंडीच्या विल्यमने लंडनभोवती जी ठाणी उभारली, त्यांपैकी ते एक होते. सुरुवातीला तेथे मातीची टेकडी आणि लाकडी तटबंदी एवढेच होते. पुढे दुसऱ्या हेन्रीने दगडी बांधकाम केले आणि नंतरच्या राजांनी आत दालने वाढवत नेली. आज त्या टेकडीवरच्या गोल बुरुजाची जी उंची दिसते, त्यातला बराचसा भाग चौथ्या जॉर्जच्या काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आहे. बुरुजाच्या पायथ्याशी खंदक आहे, परंतु तेथील जमीन खडूच्या दगडाची असल्यामुळे त्यात पाणी कधी ठरले नाही, आणि आता त्या कोरड्या खंदकात बाग फुललेली आहे. आपल्या किल्ल्याचा खंदक पाहत वाढलेल्या माणसाला हा तपशील फार जवळचा वाटतो. चित्राखाली तो अवश्य लिहावा.

‘पॅलेस’ हा शब्द रोममधील पॅलेटाइन टेकडीवरून आला. इंग्लंडमध्ये तो मुख्यतः राजाच्या किंवा बिशपच्या निवासाला लागतो. ब्लेनहाइम हा ठळक अपवाद आहे, कारण 1704 च्या विजयाबद्दल मार्लबरोच्या ड्यूकला मिळालेली ती वास्तू राजाची किंवा बिशपची नसूनही ‘पॅलेस’ म्हणवते. बकिंगहॅमचे उदाहरण याहून बोलके आहे. 1703 मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकसाठी बांधलेले ते साधे ‘हाउस’ होते. तिसऱ्या जॉर्जने 1761 मध्ये ते राणी शार्लटसाठी विकत घेतले, चौथ्या जॉर्जने वास्तुविशारद जॉन नॅशकडून त्याचा विस्तार करून घेतला आणि 1837 मध्ये राणी व्हिक्टोरिया तेथे राहू लागली. तरीही परदेशी राजदूतांची नेमणूक आजसुद्धा औपचारिकरीत्या ‘सेंट जेम्सच्या दरबारी’च होते, कारण आठव्या हेन्रीने बांधलेल्या त्या जुन्या राजवाड्याचा मान बकिंगहॅमकडे कधी गेला नाही.

वाडासंस्कृती

वरील उत्तराला थोडी जोड देतो. ‘ॲबी’ म्हणजे मठ. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी मर्जीतल्या सरदारांना दिल्या किंवा विकल्या. वोबर्नचा मठ 1547 मध्ये जॉन रसेलकडे गेला, त्याचे वंशज पुढे बेडफर्डचे ड्यूक झाले, आणि घराला मठाचे नाव तसेच राहिले. हा मजकूर नुसता ‘राजवाडा’ म्हटल्याने हरवतो.

सरदारांच्या लहान तटबंदीच्या घरांना आपला ‘गढी’ हा शब्द मला सर्वांत जुळणारा वाटतो. श्रॉपशरमधील स्टोकसे कॅसल लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधला आणि 1291 मध्ये त्याने तटबंदीसाठी राजाची परवानगी मिळवली. मात्र त्याच्या मुख्य दालनाला मोठमोठ्या खिडक्या आहेत, ज्यांतून वेढा देणाऱ्या शत्रूला आत शिरायला फार कष्ट पडले नसते. त्याला युद्धाची तयारी दाखवायची नव्हती, प्रतिष्ठा दाखवायची होती. तीनशे वर्षांनी, 1590 च्या दशकात, बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत विधवेने हार्डविक हॉल बांधला, तेव्हा तट सोडाच, भिंतीपेक्षा काचच जास्त दिसू लागली.

होटगीरस्ता

मालकीचा प्रश्न राहिला आहे. विंडसर आणि बकिंगहॅम राजपदाकडे असतात, राजाला ती विकता येत नाहीत. याउलट बॅल्मोरल आणि सँड्रिंगहॅम राजघराण्याच्या खासगी मालकीची आहेत. 1936 मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली, तेव्हा ही दोन घरे त्याच्याच नावावर राहिली आणि धाकट्या भावाला, नव्या राजाला, ती त्याच्याकडून विकत घ्यावी लागली. सरदारांची कथा करांची आहे. 1894 मध्ये मोठ्या वारशांवर नवा मृत्युकर आला, पुढे त्याचा दर वाढत गेला. चॅट्सवर्थचे मालक, डेव्हनशरचे दहावे ड्यूक, 1950 मध्ये वारले तेव्हा तो 80 टक्के होता. त्यामुळे त्या घराण्याचाच हार्डविक हॉल सरकारकडे द्यावा लागला आणि 1959 मध्ये तो ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला.

एक विनंती आहे. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउस या निवासस्थानातील दरबार दालनाचे चित्र प्रदर्शनात अवश्य ठेवावे. 1890 च्या सुमारास लाहोरच्या कलाशाळेतील भाई राम सिंग या कारागिराने त्याची रचना केली. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर आहे. व्हिक्टोरिया हिंदुस्थानात कधी आली नाही, परंतु ज्या घरात 22 जानेवारी 1901 रोजी तिने प्राण सोडला, त्याच घरात हे दालन आहे. भाई राम सिंगांचे नाव ठळक अक्षरांत यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दक्षिणकसबा

सर्वांचे आभार. विंडसरला ‘किल्ला’, स्टोकसेला ‘गढी’, बकिंगहॅमला ‘राजवाडा’ लिहीन. वोबर्नखाली ‘मठाच्या जागेवरील वाडा’ असे लिहिण्याचे ठरवले आहे. चॅट्सवर्थसाठी मात्र ‘वाडा’ अपुरा वाटतो आणि ‘हवेली’ परकी.

भुईकोट

चॅट्सवर्थला ‘प्रासाद’ म्हणून पाहा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनाला, म्हणजे आजच्या महानगरपालिकेच्या वास्तूला, आपल्याकडचे जुने लोक हाच शब्द लावतात, आणि तीही राजाने बांधलेली नव्हती.