यमक जुळतं, पण कविता होत नाही. चौथीला काय सांगू?

डिचोलीची बाई लिहितात:

नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, तिसरी आणि चौथी एकत्र. बालदिनाला मुलांच्या कवितांचं हस्तलिखित काढायचं ठरलंय. पावसावर लिहा म्हटलं, तर जवळजवळ प्रत्येक वहीत हेच:

पाऊस आला पाऊस आला
मला खूप आनंद झाला
बेडूक डराव डराव बोलला
आणि तळ्यात निघून गेला

आला-झाला-गेला. यमकाची व्याख्या विचारा, पोरं घडाघडा म्हणतात. पुस्तकातल्या कवितेत यमक दाखव म्हटलं की खिडकीबाहेर बघतात. चरण कुठला आणि कडवं कुठलं, यातही घोळ आहे. आधी काय घ्यावं? यमक, लय, उपमा? लघु-गुरू, म्हणजे आखूड-लांब अक्षरं, चौथीत शिकवायचं की नाही? घरी सगळी कोकणी बोलतात, हेही ध्यानात घ्या.

---

फोंड्याचा मास्तर (निवृत्त):

बाई, व्याख्या कपाटात ठेवा आणि किल्ली शिपायाकडे द्या.

तुमच्या वर्गात चवथीची आरती न ऐकलेलं एक तरी पोर आहे का? घुमट, शामेळ, कासाळं वाजायला लागली की दोन वर्षांचं पोरसुद्धा आजीच्या मांडीवर डुलतं. म्हणजे लय त्यांच्या अंगात आहेच, तुम्ही तिला फक्त बोटांवर मोजायला लावायचं. मी अभंगापासून सुरुवात करायचो. एक तर गावात भजन असतंच, वर्गातली दोन-तीन पोरं कला अकादमीच्या बाल भजनी स्पर्धेची तालीम करत असतात. आणि अभंग हा अक्षरछंद. त्यात लघु-गुरूची भानगड नाही, अक्षरं मोजली की झालं. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अशी अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक, चौथा तुकडा मोकळा. जोडाक्षर एकच धरायचं.

तुमचाच बेडूक घेऊ:

व्हाळाच्या काठाला
बेडूक बसला
पाऊस हसला
त्याच्यासंगे

फळ्यावर पहिले तीन तुकडे लिहायचे, चौथा कोरा ठेवायचा आणि म्हणायचं, चारच अक्षरं द्या. मग बघा वर्ग कसा पेटतो. एक म्हणतो ‘छत्री कुठे’. दुसरा म्हणतो ‘डोळे मोठे’. एका पोराला ‘डराव डराव’ घालायचंच होतं. हट्टच. सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हणून बघितलं, सहा अक्षरं झाली, मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मास्तर, सांडलं!’ त्यानंतर वर्षभर आमच्या वर्गात अक्षर जास्त झालं की ‘सांडलं’ आणि कमी पडलं की ‘सुकं’. याहून चांगली परिभाषा मला तरी कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

यमकाचं म्हणाल तर ‘आला-झाला’ हे अगदी आळशी यमक. क्रियापदं मराठीत आपोआपच जुळतात, त्यात पोराची काही कमाई नाही. (माझ्या ‘बसला-हसला’वरही बोट ठेवता येईल, पण निदान ‘स’ तरी जुळलाय.) नियम घाला: ओळीच्या शेवटी क्रियापद आणायचं तर एकदाच, पुढच्या वेळी दुसरा कुठला शब्द आणा. मग अष्टाक्षरी द्या, आठ अक्षरांची ओळ:

दारापुढे जास्वंदीला
लाल फुलं आली काल
आजी म्हणे आज नको
देवाला ती उद्या घाल

‘काल’ला ‘घाल’ शोधेपर्यंत पोर ओळ चारदा गुणगुणतं. शिकणं होतं ते त्या गुणगुणण्यात.

चरण आणि कडव्यासाठी धालो, आपला बायकांचा लोकनाच. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एक रांग गाते, दुसरी तेच उचलते. तसा वर्ग उभा करा. पहिली रांग एक चरण म्हणेल आणि पुढे झुकेल, मग दुसरी रांग दुसरा. चार चरण झाले की दोन्ही रांगांनी जागा बदलायची, म्हणजे कडवं संपलं. धृपद आलं की सगळी एकत्र. फळ्यावर बाण काढून जे डोक्यात शिरत नाही ते पायांनी शिरतं.

लघु-गुरू चौथीत नको. शब्द तरी नकोतच.

---

घुमटवाला:

मास्तरांना नमस्कार. शेवटच्या वाक्याला माझी हरकत. शब्द नकोत हे मान्य, पण कानाला फरक कळतो, तो का सोडायचा?

घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप, दुसऱ्या हाताचा पंजा लहान तोंडावर ठेवायचा-उचलायचा. तोंड दाबलं की थाप तुटक येते, सोडलं की घुमते. तुटक म्हणजे लघु, घुमलं ते गुरू. मी भाचरांना हे पंधरा मिनिटांत दाखवलंय. मनाचे श्लोक ज्यांच्या घरी संध्याकाळी म्हणतात त्या पोरांना तर चाल आयतीच येते. ते वृत्त भुजंगप्रयात, ओळीत बारा अक्षरं, एक तुटक दोन घुमती, असं चार वेळा. याच चालीवर भाचरांनी स्वतः ओळ केली:

सकाळी उठोनी नदीला निघालो

तीनतीन अक्षरं तोडून वाजवा: सकाळी, उठोनी, नदीला, निघालो. कुठेही अडत नाही. आता ‘निघालो’च्या जागी ‘पळालो’ घाला, चालतं. ‘धावलो’ घाला, लगेच ठेच लागते. का लागते ते नववी-दहावीत कळेल, लागते हे आताच कळू दे.

घुमट २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य आहे, तेव्हा वर्गात आणायला मुख्याध्यापकांनी नाही म्हणायचं कारण नाही. फक्त जुनं घोरपडीच्या कातड्याचं आणू नका, कायद्यात बसत नाही. बकऱ्याच्या कातड्याचं मिळतं, आवाज थोडा जाड येतो, वर्गाला पुरे.

---

मडगावची आई:

मी शिक्षिका नाही, वैतागलेली आई आहे. तुमचं छंद-यमक ठीक, पण त्याच्या आधीचं सांगते.

माझ्या लेकीने गेल्या वर्षी आजीवर कविता लिहिली. त्यात ओळ होती, ‘आजीच्या पिशवीला बांगड्यांचा वास’. खरीच गोष्ट. माझी सासू रोज सकाळी बाजार करून येते, ती पिशवी दोरीवर वाळत घातली तरी मांजर खाली बसून असतं. शाळेत ती ओळ लाल शाईने खोडली आणि वर लिहून आलं, ‘आजीच्या पदराला फुलांचा सुवास’. म्हणे कवितेत मासे कशाला. गोव्यात! तेव्हापासून मुलगी विचारून विचारून लिहिते, ‘आई, हे कवितेत चालतं?’

तर बाई, हस्तलिखितासाठी कविता तपासाल तेव्हा वास, आवाज, हाताला लागलेलं काही असेल ते खोडू नका. नसेल तर तेच विचारा.

---

फोंड्याचा मास्तर (निवृत्त):

मडगावच्या बाय, ती ओळ मला द्या, मी चौकटीत लावतो.

उपमेबद्दल बोलायचं राहिलं होतं, ते याच्याशीच जोडून सांगतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात बंदीची यादी लिहायचो: चंद्र, मोती, कमळ, परी. हे शब्द वापरायचे नाहीत. मग टेबलावर वस्तू ठेवायची, हात लावू द्यायचा, हुंगू द्यायचं आणि विचारायचं, ‘हे कशासारखं?’ काजूच्या दिवसांत झाडावरून काढलेला बोंडू ठेवला होता, खाली बी लोंबत असलेला. पहिली उत्तरं आली ती घंटा, दिवा, अशी शहाणी. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखं.’ वर्ग हसून लोळला. पण त्यानंतर बोंडूकडे दुसऱ्या नजरेने बघणं मला आजतागायत जमलेलं नाही. उपमेय, उपमान, साधर्म्य ही नावं मग पाच मिनिटांत सांगितली, पोरांनी पकडली, कारण बोट ठेवायला नाक होतं.

चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं वागायला लावणं, वेगळी शिकवायला नको. वर पाऊस हसला ना, तिथेच थांबून विचारा, पाऊस खरंच हसतो का?

घुमटवाल्यांची हरकत मंजूर. ‘धावलो’ मी आत्ता टेबलावर वाजवून बघितलं. अडतं.

आणि कोकणी शब्द आला तर येऊ दे. व्हाळाला ओढा केलात तर अक्षरं तेवढीच राहतील, पण माझ्या ओळीतला गाव जाईल. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, हस्तलिखितात उतरवताना.

---

डिचोलीची बाई:

सगळ्यांचे आभार. सोमवारी ६-६-६-४ घेते आणि चौथा तुकडा कोरा ठेवते. धालोसारख्या रांगा अंगणात, वर्गात जागा नाही. बांगडे, सुंगटं, जे येईल ते हस्तलिखितात जाणार, मुख्याध्यापकांशी मी बोलते.

घुमटवाले, तुम्ही राहता कुठे? शनिवारी आमची शाळा लवकर सुटते, शेवटचा तास तुम्हाला देता येईल.

---

घुमटवाला:

साखळीला. म्हणजे तुमच्या शेजारीच. शनिवारी आमची तालीम असते, पण ती संध्याकाळी. दहाला पोचतो. दोन घुमटं आणतो, एक पोरांनी हाताळायला. फुटलं तरी चालेल असं जुनं एक आहे.