मदत हवी आहे: ईआरपी आणि सीआरएम जोडताना ग्राहकाची ओळख कशावर धरायची?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. उत्पादन, स्टॉक, बिलिंग ईआरपी या सॉफ्टवेअरमध्ये. ग्राहकांच्या चौकशा आणि कोटेशन सीआरएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मार्केटिंगची पोरं सीआरएम बघून तारखा देऊन मोकळी होतात, इकडे कच्चा मालच आलेला नसतो. मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, तीही मीच.

जोडायला बसलो तर पहिलाच खडा ग्राहकांच्या यादीत. जीएसटी नंबर हीच ओळख धरली होती. पण एका कंपनीच्या चाकण आणि रांजणगावच्या प्लँटला २७ने सुरू होणारा एकच नंबर, आणि गुजरातच्या प्लँटला २४चा वेगळा. राज्याच्या कोडनंतरची पॅनची १० अक्षरं मात्र सगळीकडे तीच. मग पॅनवर मूळ खातं आणि त्याखाली प्लँटवार डिलिव्हरीचे पत्ते, असं कुणी केलंय का? पुढे बिलात घोळ होतो का?

दुसरं, स्टॉकचे आकडे सीआरएमला तासातासाला पाठवावेत की रात्री एकदाच? आमचा सॉफ्टवेअर व्हेंडर एपीआयच्या (म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी आपोआप माहिती देण्या-घेण्याच्या) नावाखाली रोज एक्सेल चढवायला सांगतोय, आता बोला! दर मात्र ईआरपीतूनच बदलायचे, यावर मी ठाम आहे.

पिंपरी-चिंचवडकडे कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा. चहा माझ्याकडून.