धरणाच्या पाण्याला आरओ कशाला?

नळपाणी (पुणे)
नव्या घरात आधीच्या मालकांनी लावलेलं आरओ यंत्र (पाणी अतिबारीक पडद्यातून दाबून क्षार काढणारं) आयतं मिळालं. परवा मीटरने मोजलं: नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ७८, यंत्रातल्या पाण्याचा ११. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने दोन्ही पाण्यांत सळया बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी तपकिरी झालं. "बघा काय पिता तुम्ही!" आई घाबरलीच. वास्तविक पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचंच लोखंड पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात वीज वाहायला क्षार जेमतेमच उरतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवणं मला मुळीच पटलं नाही.

माझं म्हणणं : कॅल्शियम, मॅग्नेशियम हे शरीराला लागणारे क्षार आपण पैसे देऊन काढून टाकतो. शहरात आरओवर बंदीच हवी.

पांढरकवडा
बंदीची भाषा पुण्यात सोपी आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अनेक गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मोठ्यांची हाडं ताठतात, कंबर वाकेनाशी होते. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. गावात आरओ प्लांट आला तेव्हा बायकांना जो आनंद झाला तो मी पाहिलाय.

नळपाणी
दादा, यवतमाळबद्दल नाहीच बोलत मी. २०१९ मध्ये पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानेही टीडीएस ५००च्या खाली असेल तिथेच आरओ बंद करा म्हटलं होतं.

पांढरकवडा
टीडीएस कमी असला तरी फ्लोराइड जास्त असू शकतं. मीटर फक्त एकूण क्षार मोजतो, कोणता क्षार ते सांगत नाही. आकड्यावर बंदी ठरवली तर आमच्यासारखेच मरतील.

सातारकर
आरओमुळेच हल्ली घरोघरी बी१२ जीवनसत्त्व कमी निघतंय, हे कोणीच का लिहीत नाही? आमच्याकडे तिघांचं कमी आहे आणि तिघेही आरओचं पितो.

नाचणीची भाकरी
आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. बी१२ आपल्याला दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. नळाच्या पाण्याचा त्यात हिशेबच नाही. शाकाहारी घरात दूध-दही कमी असेल तर तिघांचंही कमी निघणारच. कृपया डॉक्टरांकडे जा, यंत्र बदलून काही होणार नाही.

आता नळपाणी, तुमच्याशीही माझं भांडण आहे. टीडीएस ७८ म्हणजे लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळूनच साधारण ७८ मिलिग्रॅम. त्यात कॅल्शियम १५-२० धरा. दोन लिटर प्यायलात तर ४०च्या आत. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० असतं. तुमच्या आईंची हाडं पाण्यावर नाही, ताटावर आणि उन्हावर टिकणार आहेत. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही.

नळपाणी
आकडे मान्य. पण मग ७८ चं ११ करण्यासाठी प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी गटारात का सोडायचं? आमच्याच सोसायटीत मे महिन्यात टँकर येतात. जंतूंची भीती असेल तर यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आहे, उकळणं आहे, टाकी धुणं आहे.

नाचणीची भाकरी
हा मुद्दा पूर्ण पटला. तो पाण्याच्या नासाडीचा आहे, पोषणाचा नाही. पोषणाच्या नावाने मांडू नका, लोक उगाच खनिजांच्या गोळ्या घ्यायला लागतात.

लातूरची बोअर
पण कठीण, म्हणजे क्षारांनी जड, पाण्याचा हिशेब वेगळा ना? आमचा टीडीएस ११००, भांड्याला पांढरा थर बसतो. त्यातून कॅल्शियम पोटात बरंच जात असणार.

नाचणीची भाकरी
हो, तुमच्याकडे वाटा मोठा असू शकतो. पण आधी प्रयोगशाळेत नायट्रेट आणि फ्लोराइड तपासून घ्या. मगच आरओचं काय ते ठरवा.

पांढरकवडा
ताई, एक विचारायचं होतं. प्लांटचं पाणी फक्त प्यायला आणतात. डाळ-भात बोअरच्याच पाण्यात शिजतो. मग उपयोग किती?

नाचणीची भाकरी
अर्धाच म्हणा. शिजताना ते फ्लोराइड डाळीत उतरतं. स्वयंपाकालाही तेच पाणी आणायला सांगा, एखादा कॅन जास्त लागेल. आणि पोरांना दूध, शेवग्याचा पाला, आवळा मिळतोय का बघा. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांना फ्लोराइडचा त्रास जास्त होतो.

पांढरकवडा
शेवगा दारोदारी आहे, पाला मात्र कोणी खात नाही. या रविवारी अंगणवाडीताईंशी बोलतो.