घरफोडीवर लिहायचंय, पण खटला सुरू आहे

बर्डीकर:
रात्री घरात शिरून चोरी आणि मारहाण, असा गुन्हा. फिर्यादी मीच. दोषारोपपत्र नागपूरच्या कोर्टात दाखल झालंय, साक्ष व्हायची आहे. दिवाळी अंकासाठी चार-पाच हजार शब्दांत लिहायचा विचार आहे. सुरुवात कागदांपासून करावी की आठवणीपासून? आणि नावं द्यावीत का?

पेशीवाला:
आठवणीपासून. पंचनामा आधी वाचला की ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’ ही भाषा डोक्यात बसते आणि आपण काय पाहिलं, कागदात काय होतं, हे वेगळं करता येत नाही. एका बैठकीत आठवेल तसं लिहा, वर तारीख टाका. मग एफआयआर शेजारी ठेवा. फिर्यादीला तिची प्रत मोफत मिळते. त्यात घटनेची वेळ, ठाण्यात खबर पोचल्याची वेळ, स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक, ठाण्यापासूनचं अंतर आणि दिशा असते. घटना आणि खबर यांत चार तासांचं अंतर दिसलं, तर त्या चार तासांत घरात काय चाललं होतं तोच तुमच्या लेखाचा गाभा आहे. तफावत दिसली तर आठवण खोडू नका, समासात दुसऱ्या शाईनं नोंदवा.

जबाबातली वाक्यं मात्र संवाद म्हणून उचलू नका. तपासात पोलीस साक्षीदाराचा जबाब घेतात, त्यावर त्याची सही घेत नाहीत, आणि भाषा लिहून घेणाऱ्याची असते.

सिव्हिल लाइन्स:
लिहा, पण साक्ष आणि उलटतपासणी आटोपेपर्यंत छापू नका. दिवाळी अंक पुढच्या वर्षीही निघतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ खाली तुमचंच आधीचं लिखाण समोर धरून उलटतपासणी करता येते. लेखात वातावरणनिर्मिती म्हणून ‘अंधारात चेहरा दिसलाच नाही’ लिहिलं आणि साक्षीत आरोपी ओळखला, की बचाव पक्षाचं काम झालं. कच्चा खर्डाही गटावर फिरवू नका. तो आहे हे सरकारी वकिलांना सांगून ठेवा.

नावांचं: शिक्षा होईपर्यंत ‘चोर’ नाही, ‘आरोपी’. भारतीय न्याय संहितेतल्या बदनामीच्या कलम ३५६ मध्ये गोष्ट खरी असणं एवढंच पुरत नाही, ती सार्वजनिक हिताची असावी लागते. शेजाऱ्याचं नाव बदललं तरी नागपूरच्या महाल भागातली अमुक गल्ली आणि पिठाच्या गिरणीसमोरचा वाडा असं लिहिलंत तर अख्खा महाल ओळखेल. खुणाही बदला, आणि बदलल्या आहेत हे वाचकाला सांगा. क्रम, वेळ, रक्कम यांना हात लावू नका. आरोपींत अल्पवयीन मुलगा असेल तर नाव, शाळा, पत्ता काहीच नको, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे.

बर्डीकर:
घटनेनंतरचा भाग पसरट होतोय. नुसत्या पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा.

पेशीवाला:
पेश्यांची यादी नको, एक वस्तू धरा. सोनं सापडलं असेल तर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला चालेपर्यंत सांभाळायला म्हणून, परत मिळतं, पण आधी पंचनामा, फोटो आणि बंधपत्र. कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायचं. दागिना कपाटात आहे, पण खटला संपेपर्यंत मोडता येत नाही, आटवून दुसरा घडवता येत नाही. लग्नाच्या हंगामात घरात यावरून काय बोलणं होतं, ते लिहा. दहा तारखांपेक्षा ते जास्त सांगेल.

धंतोली:
एक भर. दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मोफत मिळते, पण त्याच्या बाजूनं वकील उभा असेल तर. नाहीतर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जावर खटला क्रमांक हवा, एफआयआरचा नाही, तिथेच बहुतेक अर्ज अडतात. १६ अक्षर-अंकी सीएनआर (प्रत्येक खटल्याला मिळणारा ओळख क्रमांक) असेल तर ई-कोर्ट अ‍ॅपवर खटला क्रमांक लगेच दिसतो.